सतरा नंबरचा निरोप

"अर्धा तास! फक्त अर्धा तास पुरे मला!" भिंगरीने मावशीच्या शिलाई मशीनवर अशी थाप मारली की सुई दचकून भलत्याच जागी टाका घालून आली. "गटातून सटकायचं, आईला गाठायचं, एक वाक्य बोलायचं आणि परत यायचं. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही!"

पत्ता लागणार नाही म्हणे! दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं ते एक वाक्य तब्बल पंचवीस जणांच्या तोंडून गेलं, आणि एका दगडी राजापासून छत्रीवाल्या दोन म्हाताऱ्यांपर्यंत सगळा किल्ला त्यात गुंतला. पण ते पुढे. आधी भिंगरी कोण ते ऐका.

वय सतरा. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून आईनेच हे नाव ठेवलेलं. डोळा असा की समोरच्या माणसाच्या शर्टाचं कितवं बटण बदललंय ते सांगेल, आणि राग असा की ते बटण तोडून हातात देईल. शाळा अशाच एका रागात सोडली. सर म्हणाले, "गप बस नाहीतर बाहेर जा." ही बाहेर गेली. सरांना वाटलं, दाराबाहेर उभी असेल. ही घरी पोहोचून जेवत होती!

पण खरा राग वेगळाच होता. तिची आई दीड वर्षापूर्वी नदीवरचा मोठा पूल ओलांडून पलीकडच्या देशात कामाला गेली होती. तिथे एक जुना किल्ला आहे, किल्ल्याच्या बागा आहेत, आणि त्या बागांत माळीण म्हणून आई. जायच्या दिवशी बसथांब्यावर भिंगरी सगळ्यांसमोर ओरडली होती, "जा! मला तुझी आठवणसुद्धा येणार नाही!" आणि पाठ फिरवली. घरी आली तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुत्र्याने पळवली म्हणाली.

त्यानंतर आईशी एक शब्द नाही. दर रविवारी आईचा फोन यायचा. मावशी मुद्दाम स्पीकर लावायची. भिंगरी दाराआड उभी राहायची. मावशीने विचारलं, काय करतेस गं तिथे, की उत्तर ठरलेलं, "पाणी पितेय." एका फोनला चार-चार पेले! पाणी पिऊन पिऊन पोटाचा माठ व्हायचा, पण आई कुठे काम करते, किती वाजता जेवते, कुठल्या बोटाला काटा लागलाय, सगळं पाठ. सध्या आई भूलभुलैयात होती. म्हणजे झुडपांच्या उंच भिंतींचा तो गोल चक्रावणारा बगीचा असतो ना, त्याची छाटणी चालू होती.

मग जायचं ना भेटायला? तिथेच तर मेख होती. भेटीचा पास फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांना मिळायचा. शाळेचा दाखला दाखवा, पूल ओलांडा. हे भिंगरीला कळलं ते शाळा सोडल्यावर पंधरा दिवसांनी. त्या दिवशी तिने न्हाणीतल्या बादलीला लाथ मारली. बादली अजून चेपलेली आहे. अंगठ्याचं नखही.

आणि अशात मावशीची मुलगी, म्हणजे ताई, जिन्यावरून पाय मुरगळून पडली!

ताई जमीनमोजणीच्या कॉलेजात. त्यांच्या वर्गाची एक दिवसाची सहल ठरलेली, नेमकी त्याच किल्ल्याच्या बागा मोजायला. सगळ्या वर्गाचा मिळून एकच परवाना, त्यावर एवढंच लिहिलेलं: बेचाळीस डोकी. एक डोकं कमी झालं तरी पुलावरून बस परत! वर्गाची पुढारी मुलगी रडकुंडीला येऊन दारात उभी. "कुणीही द्या हो मावशी, पण एक डोकं द्या!"

"हे घे माझं," भिंगरी म्हणाली.

"अगं पण त्यांचे सर ओळखतील ना!" मावशी घाबरली.

ताई पलंगावरून म्हणाली, "साखळीसर? ते तोंडाकडे बघतच नाहीत. नंबरकडे बघतात. मी दोन वर्षं त्यांच्या वर्गात आहे. परवा बाजारात मी त्यांना नमस्कार केला, तर मला पत्ता विचारायला लागले!" आणि तिने आपलं पिवळंधमक जाकीट फेकलं. पाठीवर काळ्या अक्षरांत: १७.

* * *

सकाळी बसमध्ये साखळीसरांनी नियम सांगितले. सर बुटके, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीची गरज काय ते कळू नये.

"नियम एक! प्रत्येकाने आपल्या पुढच्या नंबरवर नजर ठेवायची. जेवताना, चालताना, शिंकतानासुद्धा! पुढचा नंबर जिथे, तुम्ही तिथे. मागे वळून बघायचं नाही. मागे वळून बघणं म्हणजे मागच्यावर अविश्वास!

"नियम दोन! निरोप आला की शब्दन् शब्द मागच्याला द्यायचा. आपण मोजणीवाले. एक आकडा चुकला तर कुणाची विहीर दुसऱ्याच्या शेतात जाते! आपली अक्कल घालायची नाही. ऐकायचं, जसंच्या तसं पुढे द्यायचं.

"नियम तीन! शेवटच्या नंबरने निरोप खिशात ठेवायचा नाही. समोर जो उभा असेल त्याला द्यायचा. उत्तर आलं तर त्याच वाटेने परत, पार माझ्यापर्यंत! कळलं?"

"कळलं!" एकेचाळीस आवाज. भिंगरी खिडकीतून पूल बघत होती. पुलावरच्या शिपायाने दारातून डोकी मोजली, बेचाळीस भरली, त्याने शिक्का मारला. नदी रुंद होती, पण बसला ओलांडायला पुरती तीन मिनिटंही लागली नाहीत. भिंगरीने मोजली. दीड वर्ष आणि तीन मिनिटं! तिला नदीचाच राग आला.

तिने मनात वाक्य घोळवून ठेवलं होतं. रात्रभर घोळवलेलं. 'आई, आठवण येते. रोज येते.' बस. एवढंच. रडायचं नाही, गळ्यात पडायचं नाही. बोलायचं आणि निघायचं.

किल्ला बघून बाकीचे "अबब!" म्हणाले. बुरूज, तळं, हंस, रंगीत फुलांच्या रांगा, मधोमध दगडी राजांचे पुतळे, हिरवळ तर अशी की कुणीतरी इस्त्री फिरवून ठेवलीये! भिंगरीला यातलं काही दिसेना. तिला दूर, तळ्याच्या पलीकडे, भूलभुलैयाची हिरवी भिंत दिसत होती आणि तिथून येणारी बारीक घरघर ऐकू येत होती. छाटणीचं मशीन!

सकाळभर टेप धरा, खुंट्या ठोका, आकडे ओरडा. साडेबाराला सरांनी शिट्टी फुंकली. "जेवण! दीड वाजता बसपाशी! साखळी मोडायची नाही!" आणि सर निघाले छत्रीसारख्या पसरलेल्या झाडाकडे. मागे एक नंबर, त्याच्या मागे दोन, अशी रांग चालू लागली. भिंगरीसमोर सोळा नंबर चालत होता. एका पुतळ्याशी सोळा उजवीकडे वळला.

भिंगरी डावीकडे वळली!

सुटले! तिला वाटलं, आता दोन उड्यांत तळं. दहा पावलं गेली असेल-नसेल, मागून पावलांचा आवाज. टप टप टप टप. वळून बघते तर एक उंच, वाळका मुलगा, हातात नोंदवही, कानावर पेन्सिल. त्याच्या मागे एक. त्याच्या मागे आणखी एक. पार दगडी राजापर्यंत पिवळी जाकिटं!

"माझ्या मागे काय लागलायस रे?"

"मी अठरा आहे," तो म्हणाला.

"मग?"

"तू सतरा आहेस."

"मग??"

"सतरानंतर अठरा येतात," त्याने शांतपणे सांगितलं, पहिलीतल्या पोराला सांगावं तसं.

"अरे जेवायची सुट्टी आहे! जा, जेव!"

"तू कुठे जेवणार?"

भिंगरीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "मी बाथरूमला चाललेय!"

"चला," अठरा म्हणाला.

"चला काय, चला!"

पण ती बायकांच्या बाथरूमच्या दारापर्यंत गेली तशी वरातही गेली. अठरा नंबर दाराशी पाठ करून उभा राहिला, मान खाली, चेहरा लाल, आणि मागे वळून एकोणिसाला म्हणाला, "सतरा नंबर बाथरूमला. थांबा."

"सतरा नंबर बाथरूमला. थांबा," एकोणीस विसाला म्हणाला. विसाने एकविसाला सांगितलं. निरोप हिरवळीवरून निघाला. जाडा आवाज, पातळ आवाज, सर्दी झालेला आवाज, पण शब्द तेच, काना-मात्राही इकडची तिकडे नाही! शेवटी तो बेचाळीस नंबरकडे पोहोचला. ही एवढीशी पोरगी, वर्गात सगळे तिला शेपूट म्हणायचे. तिच्या मागे कुणी नव्हतं. समोर एक दगडी राजा तलवार घेऊन उभा होता. नियम म्हणजे नियम. तिने राजाला सांगितलं, "सतरा नंबर बाथरूमला. थांबा."

राजा थांबलेलाच होता, गेली तीनशे वर्षं.

आतल्या खिडकीतून पळावं म्हणून भिंगरी बेसिनवर चढली, पण खिडकीला गज! घड्याळात बारा पन्नास. ती दार आपटून बाहेर आली आणि कुणाकडे न बघता धावत सुटली. मागे पंचवीस जण धावत सुटले! हंस घाबरून तळ्यात पडले. बाकावर डबा खात बसलेल्या दोन म्हाताऱ्या उठल्या, त्यांना वाटलं पुढे काहीतरी बघण्यासारखं असणार. छत्र्या सावरत त्याही शेपटीमागे लागल्या!

भूलभुलैयाच्या तोंडाशी दोरी बांधलेली, त्यावर पाटी, आणि पाटीशेजारी पहारेकरी. पाटी तिथल्या भाषेत होती, पण लाल हाताचा पंजा कुठल्याही भाषेत एकच बोलतो. भिंगरीचं अवसान गळालं. पहारेकऱ्याने तिच्याकडे पाहिलं. पिवळं जाकीट. मागे पंचवीस पिवळी जाकिटं, हातात टेप, खांद्यावर मोजपट्ट्या. त्याने घाईघाईने दोरी सोडली आणि वर सलाम ठोकला! कामाची माणसं दिसतायत, उगाच अडवून बोलणी कोण खाणार!

आत शिरल्यावर मात्र फजितीला सुरुवात झाली. दोन्हीकडे डोक्याहून दीड हात उंच हिरव्या भिंती, मधे जेमतेम एक माणूस मावेल एवढी वाट. मशीनची घरघर डावीकडून येते म्हणून डावीकडे वळावं, तर पुढे भिंत! बंद वाट. मागे वळावं तर मागे पंचवीस जण चिकटून उभे.

"उलटे फिरा!" भिंगरी ओरडली.

"मग बेचाळीस पहिली होईल," अठरा म्हणाला. "क्रम मोडेल."

"मोडू दे!"

"मोडता येत नाही. तू पुढे हो, आम्ही मागे येतो."

म्हणजे भिंगरीने पंचवीस जणांना घासून-खेटून मागे जायचं, मग प्रत्येकाने प्रत्येकाला खेटून आपला क्रम लावायचा! हे एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा होईस्तोवर भिंगरीला कुणाच्या खिशात लसूण आहे, कुणाच्या गळ्यात ताईत आहे आणि कुणाला गुदगुल्या होतात, सगळं कळलं होतं. एक वाजून पाच. एक वाजून दहा. रांग आता त्या वाटांतून अशी वेटोळी होऊन बसली होती, जशी मावशीच्या डब्यात सुटलेली दोऱ्याची रिळं.

चौथ्यांदा बंद वाट लागली. पण या वेळी भिंगरी वळली नाही.

घरघर अगदी समोर होती. हिरव्या भिंतीच्या पलीकडे शिडीचं टोक दिसत होतं, त्यावर गवती टोपी, आणि टोपीखालून पुढे आलेले मशीन धरलेले दोन हात. बाह्या कोपरापर्यंत दोनदा दुमडलेल्या. उजव्या बाहीला एक सेफ्टी पिन, लागेल कधीतरी म्हणून.

ती पिन जगात एकाच बाईच्या बाहीला असते.

"आई!"

मशीन घरघरत राहिलं. टोपी हललीसुद्धा नाही. टोपीखाली कानांवर लाल रंगाची मोठ्ठी टोपणं होती, आवाज आत जाऊ नये म्हणून घालतात ती.

"आई! अगं आई!!"

आई बांधलेल्या सुतळीकडे डोळे लावून सरळ रेघ कापत होती. पानं उडून भिंगरीच्या तोंडावर येत होती. तिने उड्या मारल्या, हात हलवले, मातीचं ढेकूळ फेकलं. ढेकूळ टोपीवरून पलीकडे गेलं आणि कुणाला तरी लागल्याचा "आई गं!" असा आवाज आला. एवढ्या जवळ! मधे फक्त हातभर रुंदीचं झुडूप, आणि दीड वर्षं दाराआड पाणी पित उभं राहिल्यावर आता ही दारं कानांवर!

दुरून साखळीसरांची शिट्टी ऐकू आली. सव्वा वाजला होता, आणि सरांनी आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून पाहिलं असावं.

भिंगरीचा तोल सुटला. रात्रभर घोळवलेलं ते वाक्य, हळू आवाजात, मानाने बोलायचं असलेलं, तिने झुडपाला लाथ मारून किंचाळत बाहेर फेकलं, "आठवण येते! रोज येते! कळलं का? रोज!!"

मशीन घरघरत राहिलं.

मागे पेन्सिलीचा कुरकुर आवाज झाला. अठरा नंबर लिहून घेत होता. "हा निरोप आहे का?" त्याने विचारलं.

भिंगरीने त्याच्याकडे असं पाहिलं की पेन्सिलीचं टोक मोडावं. मग नाक पुसलं. "हो! निरोप आहे! द्या! सगळ्या गावाला द्या!"

अठरा गंभीरपणे मागे वळला. "सतरा नंबरचा निरोप. आठवण येते, रोज येते, कळलं का, रोज."

"ए, थांब! मी आपलं..."

पण निघालेला निरोप कुणी थांबवलाय! "सतरा नंबरचा निरोप. आठवण येते, रोज येते, कळलं का, रोज." एकोणीस विसाला म्हणाला. वीस एकविसाला. निरोप कोपऱ्यावर वळला, दुसऱ्या वाटेत शिरला, लांब गेला, पुन्हा जवळ आला. जाड्या आवाजात गेला, पातळ आवाजात गेला, सर्दी झालेल्यानेही नाक ओढत तो दिला. भिंगरीने कान घट्ट दाबून घेतले. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, दोन ठेवून देता आल्या असत्या! पण कुणी हसेना. मोजणीवाले ते, आकडा सांगावा तसे एकेक शब्द सांभाळून पुढे देत होते. हळूहळू आवाज बारीक होत गेला आणि बंद झाला.

रांगेचं शेपूट कुठे होतं सांगू? वेटोळी घेत घेत बरोबर झुडपाच्या पलीकडे, शिडीच्या खाली! मघाचं ढेकूळ बेचाळीस नंबरलाच लागलं होतं. निरोप मिळाल्यावर बिचारीने मागे पाहिलं. छत्रीवाल्या दोन म्हाताऱ्या. तिने त्यांना निरोप दिला. त्यांना भाषा कळेना. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, गोड हसल्या आणि दोघींनी छत्र्या वर करून शिडीकडे दाखवल्या, कामाचं काही असेल तर तिला सांग, अशा.

शेपटीने शिडीवरच्या बाईची विजार ओढली.

मशीन थांबलं.

एवढी शांतता झाली की पानं गळल्याचं ऐकू आलं. मग झुडपापलीकडून शेपटीचा बारीक आवाज, "सतरा नंबरचा निरोप. आठवण येते, रोज येते, कळलं का, रोज. निरोप संपला."

शिडीवरची टोपी झुडपामागे खाली गेली.

"कुठाय ही सतरा नंबर?" आईचा आवाज. फोनमध्ये येतो तसा नव्हता. फोनमधला आवाज बारीक असतो, याला अंग होतं.

"पलीकडे. पण वाटेने गेलं तर चोवीस जण लांब."

शिडी करकरली. झुडपावरून आधी टोपी वर आली, मग कपाळ, मग डोळे. ऊन लागून आई काळवंडली होती. कानांवरची टोपणं गळ्यात पडली होती. आईने खाली पाहिलं. भिंगरीने वर पाहिलं. बोलायचं ते वाक्य तर संपलं होतं, पंचवीस जणांनी वापरून टाकलं होतं, दुसरं आणलंच नव्हतं!

"झिपऱ्या बघ," आई म्हणाली. "किती वाढल्यात. दिसतं तरी का काही त्यातून?"

"दिसतं."

"काय दिसतं?"

"तू."

आईने नाक ओढलं, टोपी सारखी केली आणि कमरेची छाटणीची कात्री काढली. "पुढे ये. हनुवटी वर. हलू नकोस, भिंगरे, नाहीतर भुवई जाईल."

आई झुडपावरून अर्धी वाकली. भिंगरी टाचा उंचावून, चेहरा वर करून उभी राहिली. कच्. कच्. केस हिरव्या पानांत पडत होते. आईची बोटं खरखरीत झाली होती, पण कपाळावरून फिरायची रीत तीच.

"वाकडे येतायत गं," आई पुटपुटली. "मशीन धरून धरून हात थरथरतात."

मशीन तर केव्हाच बंद होतं.

"वर्गाची सहल का?" आईने हळूच विचारलं. तिची नजर त्या पिवळ्या जाकिटावर होती आणि डोळ्यांत अशी काही आशा होती की भिंगरीला खोटं बोलायचा मोह झाला. "शाळेत... जायला लागलीस?"

भिंगरीने तोंड उघडलं. तेवढ्यात मागून अठरा म्हणाला, "ही आमच्या वर्गातली नाही. बदली आहे."

"तुला माहीत होतं?" भिंगरी गर्रकन वळली.

"सकाळपासून. सतरा नंबर रोज माझ्याकडून पेन्सिल मागते. तू मागितली नाहीस."

"मग मागे कशाला आलास मूर्खा?"

"नंबर बरोबर होता ना."

आई हसली. आवाज न करता, खांदे हलवत. दीड वर्षाने भिंगरीने ते खांदे हलताना पाहिले. आणि तेवढ्यात भूलभुलैयाच्या तोंडाशी शिट्टी वाजली, "सतराऽऽ! सतरापासून बेचाळीऽऽस! बसपाशी!" पुढे रांग उलटी फिरायची, एकमेकांना खेटायचं, क्रम लावायचा. त्या चेंगराचेंगरीत भिंगरी मागे बघतच राहिली. झुडपावर नुसती टोपी दिसत होती, मग टोपीचं टोक, मग काही नाही. आणि मशीन काही पुन्हा सुरू झालं नाही.

* * *

बसमध्ये साखळीसरांनी डोकी मोजली. बेचाळीस. सरांनी घाम पुसला आणि छाती फुगवली. "बघितलंत? सोळा आणि सतराच्या मधे तुटली, पण मागचे पंचवीस एकत्र! याला म्हणतात साखळी!"

बस पुलावर चढली. भिंगरी खिडकीला कपाळ लावून बसली होती. पोरं तिच्या कपाळावरची कापलेल्या केसांची झालर बघून कोपराने एकमेकांना ढोसत होती. डावीकडे भुवईपर्यंत, उजवीकडे कपाळाच्या मधोमध! तेवढ्यात मागच्या बाकावरून कुजबूज सुरू झाली. एका बाकावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. अठरा नंबरने खांद्यावर टकटक केलं.

"माळीणबाईंचं उत्तर. बेचाळीसकडे दिलं होतं."

भिंगरीने कपाळ काचेवरून उचललं. "सांग."

अठराने घसा साफ केला. "मला तेव्हाच माहीत होतं. तू बसमागे वळणापर्यंत पळत आली होतीस. चप्पल पडली तरी थांबली नव्हतीस. मी मागच्या काचेतून बघत होते. उत्तर संपलं."

पुलाखालून नदी गेली. तीन मिनिटं. भिंगरीने या वेळी मोजली नाहीत.

"सतरा नंबर," अठरा हळूच म्हणाला.

"काय आहे?" तिने बाहीने डोळे पुसत खेकसून विचारलं.

"उत्तर पुढे दे. सरांपर्यंत जायला हवं. नियम आहे."

काय करणार! तिने सोळा नंबरच्या कानात सगळं सांगितलं. पळण्याचं, चपलेचं, काचेचं, सगळं. सोळाने पंधराला सांगितलं. शेवटी एक नंबरने ते सरांना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहिलं आणि आवाज जरा कमी करून म्हणाले, "नोंदवला. पण यापुढे उत्तरात तारीख आणि वेळ हवी!"

घरी मावशी दारातच उभी होती, गळ्यात मोजपट्टी, हातात कात्री. ती पहिल्यांदा भिंगरीच्या डोळ्यांकडे बघणार होती, पण शिंपिणीची नजर ती, कपाळावरच थबकली.

"हे काय गं केलंस! कुठल्या आंधळ्याने कापले? बस इथे, दोन मिनिटांत सरळ करून देते!"

"हात लावायचा नाही!" भिंगरी दोन्ही तळव्यांनी झालर झाकून भिंतीला चिकटली. "खबरदार मावशी! किल्ल्याच्या माळिणीने कापलेत!"

मावशीची कात्री खाली आली. ती म्हणाली, "आणि वाढले की?"

"वाढले की परत जाईन. कापून घ्यायला."

"दाखला लागतो. शाळेचा."

भिंगरीने आरशात बघितलं, बोटांनी झालर मोजली. "केस वाढायला किती दिवस लागतात गं?"

"दोन महिने."

"आणि शाळेत परत नाव घालायला?"

"एक सकाळ. पण आठच्या आत उठून जावं लागतं."

"आठ?" भिंगरी उसळली. "आठच्या आत? माणसांनी जायचं की कोंबड्यांनी!" आणि पाय आपटत आत निघून गेली.

दोन मिनिटांनी आतून आवाज आला, "मावशे, त्या गजराच्या घड्याळाला किल्ली कुठून देतात गं?"